दिलदारच्या गावातला चहा

दिलदार शिकलगारचं नाव काढलं की मी आधी त्याला चार शिव्या घालते आणि मगच कौतुक करते. हा क्रम मला बदलता येत नाही. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, तेव्हा एवढा हक्क माझा आहे.

कळंब्यात मेन रोडला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "मशीन कधी मिळंल?" असं विचारलं की "उद्या" म्हणतो, आणि त्याचा उद्या कुठल्याच कॅलेंडरात नसतो. गिऱ्हाईक चिडून आलं तर त्याला स्टुलावर बसवतो, चहा पाजतो, त्याच्या म्हशीची आणि पोराच्या अॅडमिशनची चौकशी करतो, आणि गिऱ्हाईक मशीन न घेताच हसत घरी जातं. त्याची बायको सबिना म्हणते, "ह्यांनी दुकान न्हाय, पाणपोई काढलीया."

दुकानात काउंटरखाली एक जुनं मशीन सतत चालू असतं. झाकण काढलेलं, आत पंखा घरघरतोय, आणि वर सबिनाच्या अक्षरात चिकटवलंय: "हात लावू नये. लावल्यास हात परत मिळणार नाही." त्या मशीनमध्ये दिलदारचं गाव आहे.

गाव म्हणजे खेळ. पण हल्ली पोरं मोबाइलवर खेळतात तसला बंदुका-गाड्यांचा नव्हे. ह्यात चित्र नाहीच, सगळं अक्षरांत. आपण आपल्या घरून इंटरनेटवरून त्या मशीनला जोडून घ्यायचं, की समोर ओळी येतात: "तुम्ही तलावाच्या बांधावर उभे आहात. उत्तरेला गिरणीची गल्ली. इथं दोन म्हशी पाण्यात बसल्या आहेत." आपण "उत्तर" लिहायचं, की गल्लीत पोचलो. "म्हशीला हाक मार" लिहायचं, की म्हैस बघते आणि परत डोळे मिटते. त्याच वेळी तिथं दुसरं कुणी खरं माणूस खेळत असेल, पुण्यात, दुबईत, कुठं का असेना, तर त्याचं बोलणं आपल्याला कळतं. भांडता येतं, उसनी साखर मागता येते, चोरीसुद्धा करता येते. राधानगरीचा कृष्णात तर गोठ्यातून खेळतो. तिकडं पाऊस लागला की नेटवर्कचा जीव जातो, साधा फोटो उघडत नाही. पण दिलदारच्या खेळाला लागतात चार अक्षरं, आणि ती कशीबशी पोचतात.

हे गाव वसलं कसं, ते ऐका. परदेशातल्या कुणा हौशी मंडळींनी पूर्वी लिहून सगळ्यांना फुकट वाटलेला असला एक खेळ दिलदारला इंटरनेटवर सापडला. सगळा इंग्रजीत, आणि आत राक्षस न् तलवारी. ह्यानं ठरवलं, राक्षस काढायचे आणि कळंबा घालायचा. मग बसला कम्पाइल करत. कम्पाइल म्हणजे काय, तर माणसानं लिहिलेलं मशीनला पचेल असं दळून द्यायचं, हे त्यानंच मला सांगितलं. दळणात एक खडा निघाला तरी चक्की बंद. ह्याच्या दळणात धान्य कमी आणि खडेच जास्त. मराठी अक्षर दिसलं की मशीन आडवं पडायचं. एक चूक काढावी तर तिच्या मागनं तिचं सगळं खटलं बाहेर यायचं. दिवाळी गेली, थंडी गेली, उन्हाळा लागला. गिऱ्हाइकांची मशीनं धूळ खात पडली आणि सबिनानं त्याच्याशी बोलणं टाकलं.

आणि एका सकाळी दळण बिनखड्याचं निघालं. दिलदारनं अख्ख्या रस्त्याला जिलेबी वाटली. कशाची म्हणून विचारलं की "झालं एकदाचं" एवढंच म्हणायचा, आणि डोळ्यांत पाणी. लोकांनी आपापला अर्थ लावला. दुपारी शेजारच्या बायका घरी गेल्या, मुलगा की मुलगी विचारायला. सबिना भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मशीन झालंय. बाळ-बाळंतीण दोघं बी दुकानात सुखरूप हाईत."

आता आबांकडं येते. हंबीरराव, माझे वडील. कळंब्याच्या जेलमध्ये शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. आवाज खणखणीत, राग नाकावर. मला राग कुठनं आला, ते कळलं असेल. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांचे डोळे हळूहळू नेले. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. मग नुसता उजेड कळायचा, पुढं तोही गेला. डॉक्टरांनी हात टेकले, आणि आबांनी उंबरा ओलांडायचं सोडून दिलं.

"ज्या रस्त्यानं छाती काढून चाललो, त्याच रस्त्यानं चाचपडत जाऊ व्हय? न्हाय जमायचं." एवढं एकदा बोलले आणि खाटेवर बसले ते बसलेच. माझी आई शालूबाई रडली, भांडली, देवालाही बोल लावून झाला. मी पांढरी काठी आणली, ती दाराआड कोपऱ्यात उभी राहिली. जुने सोबती यायचे, "चला आबा, तलावापतोर जाऊया" म्हणायचे, आणि आतून उत्तर यायचं, "डोकं दुखतंय." आम्हा मायलेकींना जगात एकच गोष्ट हवी होती. आबांनी दाराबाहेर पाय टाकावा. लांब कुठं नको, नुसतं दाराबाहेर.

एकदा ते आईला म्हणाले, "जेलच्या दारावर जलम घालवला. कैदी मातूर आत्ता झालो." मी स्वयंपाकघरात होते. हातातलं काम तसंच टाकून मी बाहेर पडले.

हे सगळं मी दिलदारच्या दुकानात बसून सांगितलं, आणि सांगता सांगता रडलेसुद्धा. वाटलं, शाळूसोबती आहे, धीराचे दोन शब्द बोलेल. तर हा विचारतोय, "आबांचं कान कसं हाईत?"

"पलीकडच्या गल्लीत चमचा पडला तरी ऐकू येतंय त्यांना."

"मग झालं की. उद्या येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो खरंच दारात हजर. आयुष्यात त्याचा हा एक उद्या वेळेवर उगवला. एक मशीन मांडलं. पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा आवाज त्यात बसवला होता. आबांच्या कानाला हेडफोन, त्यालाच माइक. त्यात बोललं की अक्षरं आपोआप उमटायची. चालायला आकड्यांच्या कळा, आठ दाबलं की उत्तर, दोन दाबलं की दक्षिण.

आबा म्हणाले, "पोरखेळ नगं मला."

"खेळू नका, आबा. नुसतं ऐका," दिलदार म्हणाला. "मी कळंबा लिवलाय, पर कुठं कुठं चुकलाय. चूक तेवढी सांगा."

चूक सांगायची म्हटल्यावर आबा कसले गप्प बसतात. थोडा वेळ ऐकलं आणि कडाडले, "गिरणी डाव्या अंगाला? कुठल्या गाढवानं लिवलं हे?"

"मी," दिलदार म्हणाला.

"आमच्या घराकडनं निघालं की गिरणी उजव्या हाताला. आन् तिच्या म्होरं गटाराचं झाकाण हलतंय, ते कुठाय? उतार कुठाय? भजीवाल्याच्या तेलाचा वास कुठाय?"

झालं. त्या दिवसापासून आबा सांगायचे आणि दिलदार दळायचा. गतिरोधक आला, पिंपळाचा पार आला, मेन रोडला लागायच्या आधीचा खडबडीत दगड आला. कुठं किती पावलं टाकली की काय पायाला लागतं, हे आबा खाटेवर बसून, हवेत पाय हलवून आठवायचे. आई दारातून बघायची आणि पदरात हसायची.

मग कृष्णातनं खेळातली एक म्हैस चोरली. गावात बोंबाबोंब झाली. आबांनी माइकमध्ये विचारलं, "ह्या गावात पोलीस न्हाय व्हय?" पोलीस नव्हताच. दिलदारनं तिथल्या तिथं आबांना हवालदार नेमलं. त्यानंतर आमच्या घराला जुना आवाज परत मिळाला. सकाळी चहा झाला की आबा ड्युटीवर. दुबईतल्या कुणा इंजिनिअरनं शिवी दिली म्हणून त्याला त्यांनी पाराभोवती फेऱ्या मारायला लावल्या, आणि त्या बापड्यानं मारल्या. कृष्णात चोरायचा, आबा पकडायचे, दोघांचं छान चाललं होतं. प्रत्यक्षात एकमेकांना कधी भेटलेही नव्हते, पण कृष्णातच्या गाईला वासरू झालं ते आमच्या घरी पहिल्यांदा कळलं.

सगळं खरं, पण दाराबाहेर पाय काही पडला नाही. खेळातल्या कळंब्यात आबा दिवसभर गस्त घालायचे आणि खऱ्या कळंब्यात अंगणसुद्धा नाही. माझं डोकं फिरलं. दुकानात जाऊन दिलदारला म्हणाले, "तू त्यांना बाहेर काढायच्या ऐवजी आणखी आत कोंडलंस. आता तर त्यांना बाहेर यायची गरजच राहिली न्हाय."

तो एरवी हसून वेळ मारून नेतो. त्या दिवशी नाही नेली. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "व्हय, अनुजा. माझ्या बी मनात त्येच येतंय."

त्यानंतर आठवडाभरातच तो रविवार आला.

आता कोल्हापुरी माणसाचं गाव म्हटल्यावर पाहुणचार आलाच. दिलदारनं खेळात चिमणाबाई नावाची एक बाई घातली होती. ती खरी कुणी नव्हे, मशीनच तिच्या तोंडून बोलायचं. तिच्या घरात पाऊल टाकलं की ती "चहा घ्या" म्हणणार. आपण "नको" म्हटलं की ती "असं कसं, घ्या की" म्हणणार. पाहुण्यानं "बरं, अर्धा द्या" म्हणेपर्यंत ती सोडायची नाही. आणि घरच्या बाईचा आग्रह चालू असताना पाहुण्यानं उठून जाणं शोभत नाही, म्हणून तोवर दार उघडायचंच नाही, असाही नियम त्यानं घातला होता. लोकांना हे फार आवडायचं. दुबईवाले तर मुद्दाम "नको" म्हणायला जायचे.

त्या रविवारी सकाळी ह्या पठ्ठ्यानं आणखी एक मशीनचा माणूस गावात सोडला, गुंडू पावणा. ह्यानं घरोघरी हिंडायचं. चांगल्या घरचा पावणा विचारल्या विचारल्या हो म्हणत नाही, तेव्हा चहा विचारला की गुंडूनं "नको हो, आत्ताच झाला" म्हणायचं. किती वेळा म्हणायचं, ते दिलदारनं लिहिलंच नाही. आपल्याकडं ते लिहून कोण ठेवतो? गुंडू हिंडत हिंडत चिमणाबाईच्या घरात शिरला. आणि नेमके त्याच घरात आमचे आबा होते. पोत्याआड लपलेल्या कृष्णातला त्यांनी तिथं नुकताच पकडला होता.

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आतून आबांचा आवाज आला, "अगं ए बाई, बास की आता." मी आत गेले. त्यांनी हेडफोन वायरीसकट उपसून आदळला होता आणि मशीन मोठ्यानं वाचत होतं, एकाच सपाट सुरात:

"चिमणाबाई म्हणते, चहा घ्या की. गुंडू म्हणतो, नको हो, आत्ताच झाला. चिमणाबाई म्हणते, असं कसं, घ्या की. गुंडू म्हणतो, नको हो, आत्ताच झाला."

थांबेचना. ती ऐकेना आणि हा घेईना. आग्रह चालू, म्हणजे दार बंद. आबा आणि त्यांचा कैदी, दोघंही आत अडकले. मध्येच कृष्णातची ओळ वाचली जायची, "हवालदार, मला धारंला जायचंय, सोडा की."

मी हसून हसून भिंतीला टेकले. आबांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांनी दिलदारला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच.

"फोन उचलत न्हाय. सुक्काळीचा दुकानात बसून चहा ढोसत असंल," म्हणत आबा उठले. "कैदी हातात हाय आन् दार उघडंना. माझ्या अख्ख्या नोकरीत असं झालं न्हाय. शाले, माझी काठी कुठाय?"

आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. आबांनी काठी मागितली होती. मी "थांबा, मीच जाऊन सांगते" म्हणायला तोंड उघडलं, तर आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढं चार दिवस तिथं हिरवं निळं होतं. तिनं दाराआडची काठी काढली, पदरानं पुसली आणि आबांच्या हातात दिली. आबा रागात होते. उंबरा त्यांच्या पायाखालून कधी गेला, ते त्यांना कळलंही नाही. आम्हाला कळलं.

आम्ही दोघी अनवाणी मागं निघालो, आवाज नको म्हणून. आबा काठी आपटत चालले होते आणि तोंडानं पुटपुटत होते, "सरळ. उतार लागला. गिरणी." गिरणीपाशी पिठाचा वास आला तसे हातभर डावीकडं सरकले, हलणारं झाकण चुकवून. समोरनं शेजारचे विजयसिंह दूध घेऊन येत होते. आबांना बघून ते जागीच थांबले, तोंड उघडलं. आईनं लांबूनच हात जोडले. ते तोंड मिटून भिंतीला चिकटून उभे राहिले आणि आबा त्यांच्यासमोरून गेले.

पाराच्या अलीकडं कुणीतरी मोटारसायकल आडवी लावली होती. आबा जाऊन तिच्यावर आदळले. मी धावणार, तेवढ्यात त्यांनी काठीनं तिचं चाक, सीट, हँडल सगळं चाचपलं आणि म्हणाले, "हे काय त्या गाढवानं घातलं न्हाय गावात." आणि वळसा घालून पुढं निघाले.

राहिला मेन रोड. तिथं रविवारचीसुद्धा वर्दळ. आबा कडेला थांबले, मान तिरकी करून ऐकत. मला वाटलं, आता बास, आता हात धरायचा. आणि बघते तर रस्त्याच्या मधोमध सबिना. हातात भाजीची पिशवी, दुसरा हात वर, एक रिक्षा आणि उसाचा एक ट्रॅक्टर तिनं नुसत्या डोळ्यांच्या धाकानं थोपवून धरलेला. रस्ता शांत झाला. आबांनी थोडं ऐकलं आणि रस्ता ओलांडून सरळ दिलदारच्या पायरीवर चढले.

"दिलदार," आबांनी आवाज दिला, तसा ट्रॅक्टरवालाही दचकला. "फोन कशाला ठेवलाईस, पूजा करायला? त्या बयेला आन् त्या गुंड्याला आवर आधी. कैदी ताटकळलाय."

दिलदार काउंटरमागं उभा होता. म्हणाला, "आबा, एकटंच आलासा?"

"मग काय बँडबाजा लावून येऊ?" आबा म्हणाले. त्यांनी हात पुढं करून काउंटरची कड चाचपली. मागं रस्ता वाहायला लागला होता, तिकडं कान दिला. मग अगदी हळू, मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाले, "आलो की रं मी."

आईला राहवलं नाही. ती पायरीवर मटकन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. आबा गर्रकन वळले. "शाले? तू मागनं आलीस? चपलांचा आवाज न्हाय आला ते."

"चपला घातल्या न्हाईत," आई हुंदके देत म्हणाली.

"आन् ती दुसरी?"

"मी बी हाय, आबा," मी म्हणाले.

"काय घर हाय," आबा म्हणाले, पण चेहरा असा उजळलेला की बघत राहावं. दिलदारनं मशीनवर दोन कळा दाबल्या आणि चिमणाबाईचा आग्रह एकदाचा थांबला. कृष्णात सुटला आणि धारेला पळाला. मग आबांनी काठी उचलली. "आलोच हाय तर तलावापतोर जाऊन येतो. शाले, चल. पर हात धरायचा न्हाय, सांगून ठेवतो." आणि आई डोळे पुसत, अनवाणीच, त्यांच्या बाजूनं चालायला लागली.

ती दोघं गेल्यावर मला सुचलं. मी सबिनाला विचारलं, "तू बरोबर त्या वक्ताला रस्त्यात कशी होतीस गं?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं, आणि तो खाली बघायला लागला तशी म्हणाली, "ताई, चूक खरंच झालती. पडद्यावर दिसलं तसं हे हसायला लागलं, बंद करायला हात बी पुढं केलता. तेवढ्यात आबांचा फोन वाजला. फोन ह्यांच्या हातातच हुता. बघितलं, आन् हात मागं घेतला. मला म्हणालं, आबांचा कैदी अडकलाय, आबा गप बसायचं न्हाईत. तू जाऊन रस्त्यात हुबी ऱ्हा. आन् सोता हितं दारात हुबं ऱ्हायलं, आबा रस्त्याला दिसलं तसं काउंटरमागं पळालं."

माझ्या डोक्यात सणक गेली. "दिल्या, अक्कल गहाण ठेवलीस काय? आबा पडले असते म्हणजे? त्या मोटारसायकलवर आदळले, माहीत हाय तुला?"

"पडलं असतं तर उचललं असतं की, अनुजा," दिलदार म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पडलेलं माणूस उचलता येतंय. बसलेलं कुणालाच उचलत न्हाय."

मी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि तिथंच काउंटरवर डोकं टेकून हसत हसत रडले. बाहेर तलावाच्या रस्त्याला आबांचा आवाज चढला होता. रस्त्यावर धुण्याचं पाणी सोडल्याबद्दल ते कुणाला तरी झापत होते.